जनुक वाचतं कोण?

रक्ततपासणीच्या कागदावर हिमोग्लोबिन, प्लेटलेट वगैरेंच्या खाली कधीकधी ‘रेटिक्युलोसाइट काउंट’ अशी एक ओळ असते. ॲनिमियाचं मूळ शोधायचं असलं की डॉक्टर ही तपासणी सांगतात. पॅथॉलॉजीवाले रक्ताच्या थेंबात एक निळं रंगद्रव्य मिसळतात, ते मुरू देतात, काचपट्टीवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी मोजत बसतात. बहुतेक पेशी नितळ असतात. शंभरात एखाददुसरीच्या पोटात निळं जाळं दिसतं. ती पेशी नुकतीच अस्थिमज्जेतून रक्तात उतरलेली असते. तिनं आपलं केंद्रक, म्हणजे जवळजवळ सगळा डीएनए, मज्जेतच टाकून दिलेला असतो. आणि तरीही ती पुढचा दिवसभर हिमोग्लोबिन बनवत राहते. मज्जेत असतानाच काढून ठेवलेल्या आरएनएच्या नकला तिच्याकडे असतात आणि त्या वाचणारे रायबोसोम असतात. ते निळं जाळं म्हणजे रंगामुळे साकळलेले हे रायबोसोमच. एक-दोन दिवसांत तेही मोडीत निघतात. मग ती पेशी सुमारे 120 दिवस प्राणवायू वाहून नेते, पण एकही नवं प्रथिन बनवू शकत नाही.

म्हणजे जनुकं गेली तरी काम चालू राहिलं, आणि वाचणारी यंत्रणा गेली तसं ते थांबलं. हे पुस्तक लिहिताना मी ही गोष्ट सतत समोर ठेवली आहे. ‘अमुक गोष्ट त्याच्या डीएनएतच आहे’ हे वाक्य आता क्रिकेटच्या समालोचनापासून निवडणुकीच्या भाषणापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. जनुक म्हणजे हुकूम आणि पेशी म्हणजे हुकमाची ताबेदार, असं चित्र त्यातून आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. ते चित्र अगदी खोटं नाही, पण अर्धंच आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. मोडी वाचणारा समोर बसेपर्यंत त्यातून ना कुणाचं वतन सिद्ध होतं, ना कुणाची हद्द. डीएनएचंही तसंच आहे. तो स्वतः काहीही करत नाही. त्याची नक्कल काढणारे, ती छाटणारे, वाचणारे, वाचताना चुका पकडणारे, सगळे निराळेच आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना एखाद्या आकृतीपुरती जागा मिळते.

मूळ व्यवहार थोडक्यात असा. डीएनएची लिपी चार अक्षरांची: ए, टी, जी, सी. प्रथिनं बनतात ती वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी गुंफून. जनुकाची आधी आरएनएमध्ये नक्कल निघते. तिच्यात टीच्या जागी यू येतो. ही नक्कल केंद्रकाबाहेर येते, रायबोसोम तिच्यावर स्वार होतो आणि तीन-तीन अक्षरांनी पुढे सरकतो. आपल्या हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीचा मजकूर असा सुरू होतो: एयूजी, जीयूजी, सीएयू, सीयूजी, एसीयू, सीसीयू, जीएजी, जीएजी. पहिलं त्रिक ‘इथून सुरुवात’ अशी खूण असतं आणि मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल आणतं. ते पुढे छाटून टाकलं जातं. मग व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन आणि लागोपाठ दोन ग्लुटामिक आम्लं. अशी 146 अमिनो आम्लं जोडून झाली की थांबण्याची खूण येते आणि साखळी सुटते. जीवाणूंचा रायबोसोम सेकंदाला पंधरा-वीस अमिनो आम्लं जोडतो. आपला जरा सावकाश, पाच-सहा. दर काही हजार जोडण्यांमागे एखादी चूक होते. माणसाच्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार होतात आणि प्रत्येकीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू असतात, हे ध्यानात घेतलं की या यंत्रणेच्या कामाचा आवाका कळतो.

आता प्रश्न असा, की ‘जीएजी’ म्हणजे ग्लुटामिक आम्ल हे ठरवतं कोण? त्या तीन अक्षरांचं आणि त्या आम्लाचं रासायनिक नातं म्हणावं असं काही नाही. मधला दुवा आहे ट्रान्सफर आरएनए, अर्थात टीआरएनए. त्याच्या एका टोकाला त्रिकाशी जुळणारी तीन अक्षरं, दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल. कोणत्या टीआरएनएवर कोणतं आम्ल चढवायचं हे काम वीस प्रकारची एन्झाइम करतात. जनुकाच्या मजकुराला अर्थ येतो तो इथे, या वीस एन्झाइमांच्या हाताखाली. एकदा आम्ल चढलं की पुढे रायबोसोम फक्त अक्षरं जुळतात का ते पाहतो. पाठीवरचा माल बरोबर आहे की नाही याची तो फारशी शहानिशा करत नाही.

हे नुसतं तर्कानं ठरलेलं नाही. 1962 साली फ्रांस्वा शापव्हिल, फ्रिट्झ लिपमन, सेमूर बेन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खोडसाळ म्हणावा असा प्रयोग केला. सिस्टीन हे अमिनो आम्ल त्यांनी त्याच्या योग्य टीआरएनएवर चढू दिलं. मग निकेलच्या एका खास भुकटीनं त्या सिस्टीनमधलं गंधक काढून टाकलं. गंधक गेलं की सिस्टीनचं ॲलनिन होतं. टीआरएनए सिस्टीनचा, आणि त्याच्यावर बसलेलं ॲलनिन, असा तोतया तयार झाला. यंत्रणेनं तो बिनदिक्कत स्वीकारला. पुढच्याच वर्षी सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशींचा अर्क वापरून हाच प्रयोग झाला, तेव्हा हिमोग्लोबिनमध्ये सिस्टीनच्या जागी ॲलनिन जाऊन बसलं. या विषयातला एकच प्रयोग लक्षात ठेवायचा असेल तर मी हा ठेवीन. दुहेरी पिळाच्या छायाचित्राइतका तो प्रसिद्ध झाला नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटत आलं आहे.

या विषयाचा इतिहास बहुतेक ठिकाणी सांकेतिक लिपी उलगडण्याची कहाणी म्हणून सांगितला जातो. 1953 साली केंब्रिजमध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. त्यांच्या हाती रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतली क्ष-किरण छायाचित्रं होती. मग चार अक्षरांतून वीस आम्लं कशी निघतात या कोड्यानं भल्याभल्यांना झपाटलं. महास्फोटाच्या सिद्धान्तासाठी ओळखले जाणारे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमॉव यांनी 1954 मध्ये एक उत्तर सुचवलं. ते चुकलं, पण त्यांनी वीस सभासदांचा ‘आरएनए टाय क्लब’ काढला. प्रत्येक सभासद एकेका अमिनो आम्लाचा मानकरी, प्रत्येकाला खास टाय. हुशार मंडळींचा हा पोरखेळ होता खरा, पण या क्लबातल्या चिठ्ठ्याचपाट्यांतूनच 1955 मध्ये क्रिक यांनी अक्षरं आणि आम्लं यांच्यात एखादा मध्यस्थ रेणू असला पाहिजे हा अंदाज मांडला. 1957 मध्ये त्यांनी ग्रिफिथ आणि ऑर्गेल यांच्यासह एक संकेतलिपी रचली. तीन-तीन अक्षरांच्या 64 त्रिकांमधून अर्थपूर्ण त्रिकं नेमकी वीसच निघावीत, एकही कमी-जास्त नाही, अशी ती होती. गणित इतकं देखणं, की ते खोटं असेल असं कुणाला वाटेना. ते साफ खोटं होतं.

केंब्रिजच्या या विचारवंत घराण्याशेजारी दुसरं एक घराणं होतं, आणि माझा कल त्याच्याकडे आहे हे मी लपवत नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पॉल झामेक्निक आणि त्यांचे सहकारी उंदरांची यकृतं वाटत होते, तो लगदा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवत होते, आणि किरणोत्सारी कार्बन असलेली अमिनो आम्लं घालून प्रथिन कोणत्या थरात बनतं ते मोजत होते. पेशी फोडल्यावरही प्रथिन बनू शकतं, ते रायबोसोमांवर बनतं, त्याला ऊर्जा लागते, हे सगळं या वाटण्या-गाळण्यातून बाहेर आलं. याच प्रयोगशाळेत मेलन होगलंड यांच्या हाती एक लहानसा आरएनए लागला. अमिनो आम्ल आधी त्याला चिकटत होतं. क्रिक यांनी कागदावर कल्पिलेला मध्यस्थ तो हाच, हे त्यांना नंतर समजलं.

तिसरं घराणं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचं. फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांना लिपीत रस कमी, नियमनात जास्त. जीवाणूला दुधातली साखर दिली की ती पचवणारं एन्झाइम काही मिनिटांत बनू लागतं आणि साखर संपली की थांबतं. म्हणजे जनुक आणि रायबोसोम यांच्यामध्ये ये-जा करणारा काहीतरी अल्पायुषी निरोप हवा. 1960 च्या गुड फ्रायडेला केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांच्या खोलीत गप्पा चालू असताना ब्रेनर आणि क्रिक यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला, की तो निरोप आरएनएचाच असणार. त्याच उन्हाळ्यात ब्रेनर आणि जाकोब कॅलिफोर्नियात मॅथ्यू मेसेल्सन यांच्याकडे गेले. प्रयोग एकामागून एक फसत होते, रायबोसोम द्रावणात तग धरत नव्हते. समुद्रकिनाऱ्यावर बसलेल्या ब्रेनर यांना अचानक आठवलं, की मॅग्नेशियम कमी पडत असणार. मॅग्नेशियम वाढवलं आणि मेसेंजर आरएनए, अर्थात एमआरएनए, सापडला.

या सगळ्या मातब्बरांना मागे टाकून पहिलं त्रिक उलगडलं ते या वर्तुळाबाहेरच्या एका माणसानं. अमेरिकेत बेथेस्डा इथे मार्शल निरेनबर्ग आणि त्यांचे जर्मन सहकारी हाइनरिख मॅथाई यांनी जीवाणूंच्या अर्कात एक कृत्रिम आरएनए घातला. त्यात फक्त यू हे एकच अक्षर होतं, यूयूयूयूयू असं. 27 मे 1961 च्या पहाटे मॅथाई यांना उत्तर मिळालं: नळीत फक्त फेनिलॲलनिन या आम्लाची साखळी तयार झाली होती. त्या ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय जीवरसायन परिषदेत निरेनबर्ग यांनी हे वाचून दाखवलं, तेव्हा खोलीत मोजकीच डोकी होती. त्यांत मेसेल्सन होते. त्यांनी क्रिक यांना गाठलं, आणि क्रिक यांनी निरेनबर्ग यांना मोठ्या सभागृहात तेच भाषण पुन्हा द्यायला लावलं. क्रिक यांच्या मनाचा हा मोठेपणा नोंदवायला हवा. त्यांच्या स्वतःच्या देखण्या लिपीत यूयूयू या त्रिकाला अर्थच नव्हता.

पुढची पाच वर्षं निव्वळ मेहनतीची. इथे हरगोविंद खुराना येतात. आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातलं रायपूर हे शंभरेक वस्तीचं खेडं, वडील पटवारी, लाहोरला शिक्षण, लिव्हरपूलला पीएचडी. 1949 मध्ये भारतात परतल्यावर त्यांना नोकरी मिळाली नाही आणि ते पुन्हा परदेशी गेले. त्यांच्या नोबेलचं कौतुक करताना हा भाग आपण घाईघाईनं ओलांडतो. विस्कॉन्सिनमध्ये त्यांनी ठरलेल्या क्रमाचे आरएनए रसायनशास्त्राच्या बळावर बनवले. यूसीयूसीयूसी असा मजकूर दिला की साखळीत सेरिन आणि ल्युसिन आळीपाळीनं येतात. अशा एकेका नळीनं संदिग्धता संपत गेली. रॉबर्ट हॉली यांनी 140 किलो यीस्टमधून एक ग्रॅम टीआरएनए वेगळा काढला आणि 1965 मध्ये त्याची 77 अक्षरं क्रमवार लावून दाखवली. 1966 पर्यंत 64 त्रिकांचा तक्ता जवळजवळ भरला: 61 आम्लांची, तीन थांबण्याची. 1968 चं नोबेल निरेनबर्ग, खुराना आणि हॉली यांना विभागून मिळालं.

थांबण्याच्या खुणांचा एक धागा मुंबईला येऊन पोहोचतो. ओबेद सिद्दीकी यांनी ॲलन गॅरेन यांच्यासोबत पेनसिल्व्हेनियात जीवाणूंची अशी उत्परिवर्तनं अभ्यासली, ज्यांत प्रथिन अर्धवटच तुटतं. आणि दुसऱ्या एका जनुकातला बदल हा दोष झाकू शकतो हे दाखवलं. आज आपल्याला ठाऊक आहे की हा दुसरा बदल पुष्कळदा टीआरएनएत असतो: मजकुरातली चूक तशीच राहते, वाचणारा तिच्याकडे काणाडोळा करतो. 1962 मध्ये होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून सिद्दीकी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तिथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला.

तक्ता भरल्यावर अनेकांना वाटलं की विषय संपला. काही बडे लोक मेंदूकडे वळलेही. मग 1977 मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी दाखवलं, की जनुकातला मजकूर सलग नसतो. मध्येमध्ये लांबच्या लांब पट्टे असे असतात, जे नकलेतून कापून टाकावे लागतात. बीटा साखळीचं जनुक सुमारे 1600 अक्षरांचं, पण साखळीच्या मजकुराची अक्षरं, थांबण्याच्या खुणेसकट, फक्त 444. कापाकापी कुठे करायची याच्या खुणा बिघडल्या तर त्रिकं शाबूत असूनही प्रथिन बनत नाही. भारतात बीटा थॅलेसेमियाचं सर्वांत जास्त आढळणारं कारण नेमकं असंच आहे. पहिल्या कापायच्या पट्ट्यातलं पाचवं अक्षर जीऐवजी सी झालेलं असतं. अक्षर प्रथिनाच्या मजकुरातलं नव्हेच, आणि तरी त्यापायी मुलांना जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं.

दुसरा धक्का रायबोसोमनं दिला. तो प्रथिनं आणि आरएनए यांचा मिळून बनलेला असतो, आणि जोडणीचं खरं काम त्यातली प्रथिनं करत असणार अशी सगळ्यांची समजूत होती. अडा योनाथ यांनी 1980 च्या सुमारास रायबोसोमचे स्फटिक बनवले, तेव्हा एवढ्या अवाढव्य रेणूची रचना कधी दिसेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. वीस वर्षांनी, 2000 साली, ती दिसली. येलमध्ये थॉमस स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या गटानं मृत समुद्रातल्या सूक्ष्मजीवाच्या रायबोसोमचा मोठा भाग उलगडला. लहान भाग उलगडणाऱ्यांत योनाथ यांच्यासोबत केंब्रिजचे वेंकी रामकृष्णन होते. जन्म चिदंबरमचा, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदवी भौतिकशास्त्राची. साखळी जिथे जोडली जाते त्या जागेच्या आसपास प्रथिनाचा एक अणूही नाही, हे आता स्पष्ट दिसलं. जोडणारा आरएनएच. त्यामुळे एक जुना पेचही थोडा सुटला. वाचणारी यंत्रणा प्रथिनांची, आणि प्रथिनं बनायला यंत्रणा हवी, मग सुरुवात झाली कशी? सुरुवातीचा वाचक आरएनएच असावा, हा वोझ, क्रिक आणि ऑर्गेल यांनी 1960 च्या दशकात बोलून दाखवलेला तर्क आज बहुतेकांना पटतो. वीस एन्झाइमांची भर त्यात कशी पडली, याबद्दल मात्र अजून रणं माजतात.

आज या क्षेत्रात तीन प्रकारची माणसं भेटतात. रचना पाहणारे; यांच्या हाती आता अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहेत. मोजणारे, 2009 पासून एखाद्या पेशीतले सगळे रायबोसोम एका क्षणी कोणत्या नकलेवर, कोणत्या अक्षराशी उभे आहेत याचा पट मांडता येतो. आणि घडवणारे, ज्यांचं काम मला सर्वांत थरारक वाटतं. 2019 मध्ये केंब्रिजला जेसन चिन यांच्या गटानं एका जीवाणूचा अख्खा जीनोम नव्यानं लिहून काढला आणि 18 हजारांहून जास्त ठिकाणी बदल करून त्यातली तीन त्रिकं वापरातून काढली. 2021 मध्ये ती त्रिकं वाचणारे टीआरएनएच त्या पेशीतून हटवले. मग तिच्यावर विषाणू सोडले. विषाणूचा मजकूर नेहमीच्या भाषेत होता, तो वाचणारं पेशीत कुणी उरलं नव्हतं. विषाणूंची डाळ शिजली नाही.

हा विषय आत्ताच समजून घ्यावा असं मला का वाटतं? पहिलं कारण घरच्या औषधांच्या डब्यात आहे. ॲझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन ही औषधं जीवाणूंच्या रायबोसोमवर घाव घालतात. पहिलं साखळी बाहेर पडण्याच्या बोगद्यात जाऊन अडकतं, दुसरं टीआरएनएला बसूच देत नाही. क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, जीवाणूला चुकीचं वाचायला लावतं. आपला रायबोसोम थोडा वेगळा असल्यामुळे आपण बचावतो, पण पूर्ण नाही. आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियांचे रायबोसोम जीवाणूंच्या जवळचे आहेत. म्हणूनच त्यांच्या आरएनएत एका विशिष्ट अक्षराचा बदल असलेल्या माणसाला स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातल्या इंजेक्शनांनी कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. उलट जीवाणूनं आपल्या रायबोसोमच्या एका अक्षराला मेथिल गट चिकटवला, की ॲझिथ्रोमायसिन निकामी. सर्दीखोकल्याला केमिस्टकडून तीन गोळ्यांची पट्टी आणून मोकळं होणाऱ्या समाजात हे ज्ञान शाळेतच द्यायला हवं.

दुसरं कारण सिकलसेल. नंदुरबारपासून मेळघाट, गडचिरोलीपर्यंत आदिवासी समाजांत आणि विदर्भातल्या इतरही काही समाजांत हा आजार घरोघरी ठाऊक आहे. वर दिलेल्या मजकुरातलं पहिलं ‘जीएजी’ इथे ‘जीयूजी’ होतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, आणि प्राणवायू सुटला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून पेशीचा विळा होतो. आम्लाचा हा फरक 1956-57 मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये शोधला. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. उपचारांत मला एक गोष्ट फार बोलकी वाटते. हायड्रॉक्सियुरियाची गोळी असो, किंवा 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुकसंपादनाचा महागडा उपचार असो, दोन्हींत ते चुकलेलं अक्षर जागच्या जागीच राहतं. गर्भात असताना वाचलं जाणारं आणि जन्मानंतर मिटून ठेवलेलं दुसरं एक हिमोग्लोबिनचं जनुक पेशी पुन्हा वाचू लागते, आणि रुग्णाला आराम पडतो.

तिसरं कारण आपण सगळ्यांनी दंडावर टोचून घेतलं आहे. कोविशील्डमध्ये चिंपांझीच्या एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून करोनाच्या काटेरी प्रथिनाचं जनुक दिलं जात होतं. प्रथिन बनवलं ते आपल्या पेशींच्या रायबोसोमांनी. एमआरएनए लशींनी जनुकाची पायरीही गाळली. त्यामागचा अडथळा मजकुराचा नव्हता, पेशी परका आरएनए ओळखून दाह उसळवत होती हा होता. कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी 2005 मध्ये यू या अक्षराचं किंचित बदललेलं रूप वापरून तो दूर केला आणि 2023 चं नोबेल त्यांना मिळालं. पुण्याच्या जेनोव्हानं बनवलेल्या एमआरएनए लशीला जून 2022 मध्ये आपल्याकडे आपत्कालीन परवानगी मिळाली. साध्या फ्रिजच्या दोन ते आठ अंश तापमानात ती टिकते. दहावीच्या विज्ञानात ही प्रक्रिया आहे. तरीही लशीनं डीएनए बदलतो का, हा प्रश्न तेव्हा शिकल्यासवरल्या माणसांनी विचारला. शिकवण्यातच कुठेतरी पाणी मुरतं आहे.

या पुस्तकात काय नाही ते आधी सांगतो. साखळी बनल्यावर ती घडी कशी घालते, हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. साखळीला कोणती वळणं घेता येतात आणि कोणती नाहीत हे मद्रासमध्ये गोपालसमुद्रम रामचंद्रन यांनी 1963 मध्ये एका आलेखात दाखवलं. तिथून 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवून देणाऱ्या आल्फाफोल्ड या संगणकप्रणालीपर्यंतचा प्रवास मी एकाच प्रकरणात उरकला आहे. कर्करोगाला मी मुद्दामच फार जागा दिलेली नाही. त्यावर मराठीत बरी पुस्तकं आहेत, आणि प्रत्येक विज्ञानपुस्तकानं शेवटी कर्करोगाशी येऊन थांबावं असं मला वाटत नाही.

जे आहे त्याचा भर प्रयोगांवर आहे. निष्कर्ष सांगून मोकळं होण्यापेक्षा, अमुक गोष्ट माणसांना कळली कशी, नळीत काय घातलं, काय मोजलं, दुसरं काय स्पष्टीकरण असू शकलं असतं आणि ते का टिकलं नाही, हे सावकाश सांगायचा प्रयत्न केला आहे. फसलेल्या कल्पनांनाही म्हणूनच भरपूर पानं मिळाली आहेत. हिमोग्लोबिनची बीटा साखळी हे उदाहरण पुस्तकभर सोबत राहतं. नवी कल्पना आली की ती आधी याच साखळीवर ताडून पाहिली आहे. रासायनिक सूत्रं कमीत कमी ठेवली आहेत, पण अजिबात टाळलेली नाहीत. वाचकाला सूत्र झेपणार नाही असं लेखकानं परस्पर ठरवणं मला बरं वाटत नाही.

अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक यांना पहिली दोन प्रकरणं उजळणीसारखी वाटतील. त्यांनी थेट टीआरएनएच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. डॉक्टरांनी आणि नर्सताईंनी रायबोसोम आणि प्रतिजैविकांचं प्रकरण आधी वाचावं, आणि त्यात प्रत्यक्ष वॉर्डातल्या अनुभवाशी न जुळणारं काही दिसलं तर जरूर कळवावं. ज्यांनी शाळेनंतर विज्ञानाला हात लावलेला नाही, त्यांनी मात्र पहिल्या पानापासून निघावं, आणि 64 त्रिकांचा तक्ता पाठ करायच्या भानगडीत पडू नये. तो शेवटच्या पानावर छापला आहे. लागेल तेव्हा उलटून पाहता येईल.